काकू, तुम्ही बोटांना शिकवलंत

ती. काकूंना,
सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र. डॅलसच्या आसपास राहणारी, तळ्याकाठी हौसेनं रॉड घेऊन जाणारी आणि हात हलवत परतणारी आपली बरीच मंडळी आहेत. त्यांनाही कळू दे की बास, म्हणजे इथल्या तळ्यांतला गोड्या पाण्यातला मासा, कसा पकडायचा ते शिकवणारी एक सातारची बाई इथे आहे, आणि ती किती निगुतीनं शिकवते.

मी देवगडकडची. खाडीवर गरवायला जाणं आमच्या घरात रोजचंच. बाबा गरीला कोळंबी लावायचे, तांबोशी मिळायची, नशीब असलं तर जिताडा. आमिष ताजं हवं, त्याला वास हवा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे तुम्ही पहिल्यांदा ते सात इंची, जांभळं, तुळतुळीत प्लास्टिकचं गांडूळ माझ्या तळहातावर ठेवलंत तेव्हा मी विचारलं होतं, याला मासा का लागेल? तुम्ही हसला नाहीत. नीट समजावलंत. बास कुरतडत बसत नाही, तो तोंड उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. तोंडात काही कडक लागलं तर लगेच थुंकून टाकतो. मऊ लागलं तर जरा जास्त वेळ धरून ठेवतो. "तेवढाच वेळ आपला," तुम्ही म्हणालात. बाकी सगळी विद्या या एका वाक्याभोवती फिरते, हे मला पुढे पाण्यावर गेल्यावर उमगलं.

निक क्रीमची गोष्टही तुमच्याकडूनच ऐकली. ओहायोतल्या ॲक्रन गावचा हा गृहस्थ आणि त्याची बायको कॉस्मा यांनी १९४९ च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिक वितळवून, साच्यात ओतून मऊ गांडुळं बनवली. पुढे त्यांच्या कंपनीनं टेक्सासमधल्या टायलरला बस्तान हलवलं, म्हणजे आपल्या लेक फोर्क तलावापासून तासाभराच्या आत. कॉस्माचं नाव तुम्ही दरवेळी आवर्जून घेता. मला ते फार आवडतं.

आता लेक फोर्क. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि बरीचशी झाडं तशीच उभी असताना पाणी चढलं. सुमारे २७,००० एकर पाणी आणि त्याखाली बुडालेलं रान. उघड्या हुकानं तिथे मासा सापडायच्या आधी लाकूडच सापडतं. म्हणून टेक्सास रिग, म्हणजे हूक, वजन आणि गांडूळ जोडायची अशी पद्धत, ज्यात हुकाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपलेलं असतं. तुमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही तो मला शिकवलात, आणि इथे जरा सविस्तर लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी उपयोग होईल.

आधी लाइनमध्ये, म्हणजे गळाच्या दोऱ्यात, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन ओवायचं, निमुळतं टोक रॉडकडे. आठ-दहा फूट पाण्याला पाव औंस पुरतं, वारा सुटला तर थोडं जड. मग ऑफसेट हूक, म्हणजे डोळ्याजवळ मुरड असलेला, सात इंची गांडुळाला ३/० किंवा ४/० मापाचा. गाठ पालोमार: लाइन दुहेरी करून हुकाच्या डोळ्यातून काढायची, सैल साधी गाठ मारायची, तो फास अख्ख्या हुकावरून घ्यायचा, ओलं करायचं आणि मगच आवळायचं. कोरडी लाइन आवळली की घासून तापते आणि नेमकी तिथेच कच्ची होते.

त्यानंतरचं काम बोटांचं. हुकाचं टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध खुपसायचं, पाव इंच आत गेलं की बाजूनं बाहेर काढायचं. डोकं सरकवत हुकाच्या वरच्या मुरडीपर्यंत न्यायचं आणि हूक अर्धा फिरवायचा, म्हणजे टोक गांडुळाकडे येतं. इथे तुम्ही मला थांबवायचात. "घाई नको. हूक बाजूला धरून बघ, वळण कुठे येतंय." जिथे वळणाचा तळ येतो तिथे नखानं खूण करायची, गांडूळ किंचित वर ढकलून तिथूनच टोक आरपार काढायचं आणि वरच्या कातडीत जेमतेम रुतवून ठेवायचं. बोट फिरवलं तर टोक टोचू नये, पण दाबलं तर लगेच बाहेर यावं.

मग ते खिडकीच्या उजेडात लोंबतं धरायचं. शाळेत पाठवण्याआधी पोरीचा भांग सरळ आहे का बघावा, तशा तुम्ही ते निरखायचात. जरा जरी वाकडं असलं तरी ते पाण्यात गरगर फिरतं, लाइनला पीळ पडतो आणि मासा फिरकत नाही. वाकडं दिसलं की तुम्ही फक्त मान हलवायचात आणि मी सगळं सोडवून पुन्हा लावायचे. तुम्ही ते माझ्या हातातून एकदाही काढून घेतलं नाहीत. या एका गोष्टीसाठी मी तुमची फार ऋणी आहे. नोकरीत, घरात, स्वयंपाकात मला काय काय शिकवणारे पुष्कळ भेटले. "दे इकडे, मी करते" न म्हणणारे फार थोडे.

पण माझ्या मते तुमचा खरा धडा त्यानंतरचा. हॉलमध्ये लाइनचं एक टोक माझ्या तर्जनी आणि अंगठ्यात दिलंत, डोळे मिटायला सांगितलंत आणि दुसरं टोक घेऊन तुम्ही पलीकडे बसलात. एक खरखर आली. "हा खडीचा तळ." मग एक जडशी ओढ, सावकाश वाढणारी. "हे लाकूड. याच्यावरून हलकेच उचलून घ्यायचं." मग काहीच नाही, लाइन नुसती सैल, वजन कुठे गेलं कळेना. "हाही मासा असतो. गांडूळ तोंडात घेऊन तुझ्याच दिशेनं येतोय." आणि शेवटी ती टकटक. दोन बारीक टिचक्या, जणू कुणी नखानं दार वाजवलं. पुन्हा खडी, पुन्हा लाकूड, पुन्हा टिचकी, मला न सांगता ओळखायला लावत राहिलात. बाजारात तळाचं चित्र दाखवणारी यंत्रं ढिगानं आहेत, चांगलीही आहेत. पण बोटाला हे कळत नसेल तर त्या पडद्याचा काही उपयोग नाही, हे माझं ठाम मत झालंय.

पाण्यावर मग सगळं ओळखीचं वाटलं. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी फेकायचं, लाइन अर्धवट सैल ठेवून गांडूळ आपल्या चालीनं तळाला जाऊ द्यायचं, कारण पुष्कळदा बास ते खाली जातानाच घेतो. म्हणून नजर लाइनवर, जिथे ती पाण्यात शिरते तिथे. तळाला टेकलं की रॉडचं टोक घड्याळाच्या नवावरून अकरावर, पुन्हा खाली, सैल झालेली लाइन गुंडाळायची, थांबायचं. बहुतेक जणांना हे थांबणंच जमत नाही. टिचकी आली की टोक खाली नेत सैल गुंडाळायची आणि मग खांद्यापासून जोर लावून वर. मऊ प्लास्टिकमधून निघून हुकाला जबड्यात शिरायचं असतं, तिथे नाजूकपणा चालत नाही.

माझा पहिला मोठा बास आला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, आधी म्हणालात, "हात ओले कर." कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो. खालचा जबडा अंगठ्यानं धरून, पोटाखाली दुसरा हात देऊन तुम्ही तो मोजपट्टीवर ठेवायला लावलात: १९ इंच. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, परत सोडावाच लागतो. देवगडच्या मुलीला १९ इंचाचा मासा सोडणं किती जड जातं ते तुम्ही ओळखलंत. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये याच पाण्यातून निघाला, हे तेव्हाच सांगितलंत. आणि हेही, की १३ पौंडांच्या वरचा लागला तर टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफचे लोक तो पिल्लं वाढवण्यासाठी मागून नेतात, १९८६ पासून ही योजना चालू आहे. मधल्या मापाचे मासे जगले तरच पुढे मोठे मिळणार. तो पाण्यात धरला, कल्ले हलू लागले, शेपटी मारून गेला. तेव्हापासून मी मोजपट्टी बॅगेत सगळ्यात वर ठेवते.

बारीकसारीक किती तरी गोष्टी तुमच्या घरातून माझ्या घरात आल्यात. गांडुळाचा रंग पाणी निवळ असेल तर ग्रीन पंपकिन, गढूळ असेल तर काळं-निळं किंवा जूनबग. वेगवेगळ्या जातीची गांडुळं एका डब्यात कोंबायची नाहीत, रंग एकमेकांत उतरतात आणि डब्याचं प्लास्टिकही चिकट होतं. आपापल्या पाकिटातच ठेवायची. टेक्सासच्या उन्हात गाडीत राहून वाकडी झालेली गरम पाण्यात सोडली की सरळ होतात. दिवस थंड आणि मासे सुस्त असले की वजन काढून टाकायचं आणि सेंको नावाच्या मऊ प्लास्टिकच्या गांडुळाला मधोमध हूक लावून नुसतं बुडू द्यायचं. आणि फाटलेलं गांडूळ पाण्यात कधीही टाकायचं नाही, मासे ते गिळतात आणि त्यांना ते पचत नाही. माझी लेक आता काठावर पडलेली दुसऱ्यांचीही उचलून पिशवीत भरते. तुम्ही तिला सांगितलं नव्हतं. तुम्हाला करताना तिनं पाहिलं.

तिला अजून सतरा पूर्ण व्हायचीत, त्यामुळे लायसन्स लागत नाही. माझं ३१ ऑगस्टला संपतं, तुमचंही तेव्हाच. नवं काढायला दुकानात जाईन तेव्हा तुम्हाला घ्यायला येते. रेड शॅड रंगाच्या गांडुळांची पाकिटं तिथूनच घेऊ, जूनबग माझ्याकडे आहेत. आणि उन्हाळ्यात मासे खोलात उतरले की कॅरोलिना रिग, म्हणजे वजन हुकापासून लांब ठेवायची पद्धत, शिकवीन म्हणाला होतात, ते पाऊण औंसाचं वजन, मणी आणि स्विव्हल (फिरती कडी) मी आणून ठेवलंय. शनिवारी चालेल की रविवारी, तेवढं कळवा. चहा मी थर्मासमध्ये आणते.

तुमची,
प्लेनोची देवगडकरीण