सोल, ऑल आणि एका पाखराचं गाणं

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

इंग्रजी कविता कानाने वाचायला तुम्ही शिकवलंत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे जाहीर पत्र.

‘गणेशु, प्रकाशु, दासु’ ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला शेवटचं अक्षर जुळलं की पुरतं. इंग्रजीत आधी आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कुठे पडतो ते बघायचं. तिथला स्वर आणि त्यापुढचं सगळं जुळलं, अलीकडचं व्यंजन तेवढं वेगळं राहिलं, की पूर्ण यमक. अर्धयमकात बहुधा शेवटचं व्यंजन जुळतं, स्वर निसटतो. लव्ह आणि मूव्ह नुसते डोळ्यांना जुळतात. हे सगळं तुम्ही शब्द मोठ्याने म्हणायला लावून समजावलंत.

मग अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची आशेवरची कविता काढलीत. ओळी अवघ्या १२. पहिल्या कडव्यात सोल आणि ऑल : ‘ल’ जुळला, स्वर नाही. ओळ सांगते की आशेचं पाखरू गाणं थांबवतच नाही. ‘इथं यमक पक्कं बसलं असतं तर गाणं तिथंच संपलं नसतं का?’ या तुमच्या प्रश्नाने मला अर्धयमक कळलं. पुढे वादळाच्या कडव्यात स्टॉर्म-वॉर्म. स्पेलिंग निराळं, पण कानाला चोख. शेवटी सी-मी. वादळ आल्यावरच तिने यमक पूर्ण जुळू दिलं आहे, असं मी आता वाचते.

त्याहून मोठं ऋण तिच्या एकाच कवितेचे दोन छापील पाठ शेजारी ठेवून दाखवल्याचं. डिकिन्सन १८८६ साली गेली. १८९० च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी, मेबल लूमिस टॉड आणि टॉमस हिगिन्सन यांनी, मृत्यू तिला घोडागाडीतून नेतो त्या कवितेतलं चिल-टूल या अर्धयमकाचं कडवंच गाळलं. थडग्यापाशी तिने ग्राउंड हा शब्द दोनदा आणला होता. दुसऱ्या जागी त्यांनी माउंड घातला. यमक सुधारलं, कविता बिघडली! तिथं पोचल्यावर जमिनीखेरीज उरतंच काय, हे त्या पुनरुक्तीत होतं. १९५५ साली टॉमस जॉन्सनच्या आवृत्तीत तिचे शब्द परत आले, याचा मला मनापासून आनंद आहे.

पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेनही तुमच्यामुळेच भेटला. तो ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना मारला गेला. त्याच्या ‘स्ट्रेंज मीटिंग’मध्ये हॉलला हेल जुळतो : दोन्हीकडची व्यंजनं तीच, मधला स्वर बदललेला. तुम्ही ती मोठ्याने वाचलीत तेव्हा सबंध कवितेत कान कुठे टेकलाच नाही.

सध्या त्याची ‘फ्युटिलिटी’ वाचते आहे. वन्स आणि फ्रान्स या जोडीवर तुमच्याशी बोलायचं आहे. पुढच्या आठवड्यात सवड असेल तर वही घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी