इनहेलरला एवढं घाबरायचं कशाला?

मा. संपादक,

साखर कारखाने सुरू झाले, शेतात पाचट पेटायला लागलं की निपाणी-चिकोडी भागात घराघरातनं खोकला ऐकू येतोय. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसणाऱ्या बायकांना तर बारा महिने धूळ, आणि तिकडं खानापूरला पावसाळ्यात भिंतीला बुरशी. माझं मेडिकल आहे, दम्याचे पेशंट रोज बघतोय म्हणून लिहितोय.

लोक सुट्ट्या गोळ्या मागतात, कसलीतरी पुडी खातात, मृगाला हैदराबादला मासा गिळायला जातात, पण इनहेलर, म्हणजे तोंडानं औषध ओढायचा पंप, म्हटलं की मागं सरतात. "पंप एकदा लागला की सुटत न्हाई." लग्नाची मुलगी असली तर विचारूच नका, स्थळ मोडेल म्हणून घरचेच लपवतात आणि ती पोर रात्र रात्र बसून काढते. याचं फार वाईट वाटतं हो.

दम्यात श्वासनळ्यांना आतनं सूज असते, मग धूळ, धूर, थंडी, सर्दी काहीही झालं की त्या आवळतात. औषध तिथंच पोचायला पाहिजे. साल्ब्युटामॉल हे आवळलेल्या नळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याच्या 4 मिलिग्रॅमच्या गोळीत 4000 मायक्रोग्रॅम औषध, ते पोटातनं अंगभर फिरतंय, हात थरथरतात, छातीत धडधडतं. तेच औषध पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम आणि थेट नळीत, काही मिनिटांत आराम. मग जड काय, गोळी का पंप? बीपीची गोळी रोज घेताना सवय लागली असं कोण म्हणत नाही, इथंच का?

अजून एक. हा साल्ब्युटामॉलचा निळा पंप फक्त तेवढ्यापुरता आराम देतो, सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो स्टिरॉइडचा पंप, आणि स्टिरॉइड म्हणून त्याला घाबरू नका, डोस मायक्रोग्रॅममधला असतो, ओढून झाल्यावर चूळ भरून थुंकायची बस्स. 2019 पासून 'जीना' या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की 12 वर्षांवरच्या पेशंटला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. उलट त्या बिननावाच्या पुडीत काय घातलंय कोणाला माहीत, तोंड सुजायला लागलं, शुगर वाढली की संशय घ्या आणि पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा, स्टिरॉइड असू शकतं, मनानं एकदम बंद करू नका.

आणि निदान नीट करून घ्या. एक्सरे क्लिअर आला म्हणजे दमा नाही असं नसतंय, दम्यात तो बहुतेक वेळा चांगलाच येतो. स्पायरोमेट्री करायची, नळीत जोरात फुंकायचं, मग औषध ओढून पंधरा मिनिटांनी परत फुंकायचं. दुसऱ्या वेळी फुंकलेली हवा 12 टक्के आणि 200 मिली तरी वाढली तर मोठ्या माणसात दम्याकडं बोट जातं. चुलीच्या धुरानं किंवा बिडीनं फुप्फुस खराब झालेल्यांची धाप वेगळी असते, त्यात एवढा फरक सहसा पडत नाही आणि उपचारही वेगळा लागतो. बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळे पडले, पंपानं फरक पडेना तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.

माझी मागणी एवढीच, सीमाभागातल्या प्रत्येक तालुका दवाखान्यात ही तपासणी व्हावी, दोन्ही पंप फुकट मिळावेत, आणि पंप कसा ओढायचा याची पत्रकं कन्नडबरोबर मराठीतही द्यावीत, कारण हे समजून घेणारी म्हातारी माणसं घरात मराठीच वाचतात.

– एक औषध विक्रेता, निपाणी