हप्ता तोच, पण किती?

कराड,
रविवार, दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गृहकर्जाच्या मंजुरीपत्राचे फोटो बाबांच्या मोबाइलवर मोठे करकरून वाचले. चाळीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता ३४,७१३ रुपये. खाली तू लिहिलंस, "आई, बसतंय गं पगारात." हप्ता बसतोय हे खरं. कर्जाचं अजून बघायचंय.

पहिल्या महिन्याच्या त्या ३४,७१३ मधले २८,३३३ रुपये नुसतं व्याज. मुद्दलात जाणार ६,३८०. वर्षभरात तू चार लाखांच्या वर भरशील आणि मुद्दल हलेल जेमतेम ८० हजारांनी. यात कुणी लबाडी करत नाही. घटत्या शिलकीवरचं व्याज असंच चालतं, सुरुवातीला शिल्लक मोठी म्हणून व्याजही मोठं. वीस वर्षांत मिळून ८३ लाख ३१ हजार होतात. घाबरू नकोस, पण आकडा एकदा स्वतःच्या हाताने वहीत लिही.

आता दर. पत्रात 'रेपो अधिक स्प्रेड' असं आहे. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो रेपो. त्यावर बँक स्वतःचं जे चढवते तो स्प्रेड. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवं फ्लोटिंग (बदलत्या दराचं) गृहकर्ज अशा बाहेरच्या दराला बांधावंच लागतं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर ते बंधन नाही, त्या स्वतःचा दर लावतात. तुझ्या मैत्रिणीने सुचवलेली ती कंपनी घेणार असशील तर हे आधी विचार. रेपो ना तुझ्या हातात, ना त्या काउंटरवरच्या पोराच्या. घासाघीस करायची ती स्प्रेडवर, आणि सही व्हायच्या आधी.

फ्लोटिंग म्हणजे दर वर-खाली होणार, एवढं सगळ्यांना कळतं. दर वर गेला की नेमकं काय हलतं, ते मलाही कळलं नव्हतं. मी जन्मभर पतसंस्थेत कर्जखात्याची लेजरं लिहिली, दुसऱ्यांच्या थकबाक्या तोंडपाठ होत्या, आणि स्वतःच्या घराच्या कर्जाचं पान मात्र उघडून बघितलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये आपले ११८ हप्ते उरले होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो चारवरून साडेसहावर गेला. आपला हप्ता एका रुपयाने वाढला नाही. मी म्हटलं, बरं झालं, आपल्याला झळ बसली नाही. मे २०२३ मध्ये दुसऱ्याच कामासाठी स्टेटमेंट काढलं तर १३ हप्ते न चुकता भरून उरले होते १२६. मी बोटाने ओळ धरून तीनदा वाचलं. बँकेने हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली होती. एक मेसेज आला होता म्हणे. आला असेल, ओटीपींच्या गर्दीत. बाबांच्या निवृत्तीनंतरही हप्ते चालणार होते. मग माझी एक ठेव मोडून कर्जात भरली आणि शेवटचा हप्ता मागे आणला.

तुझ्या कर्जाचं गणित मी काल रात्री करून बघितलं. पहिल्याच दिवशी दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० चे ३०९ हप्ते होतात. एका टक्क्याला पावणेसहा वर्षं! म्हणून "मॅडम, हप्ता तोच राहील" असं कुणी गोड बोलून सांगितलं की लगेच विचारायचं, मग मुदत किती? ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे कर्जदाराला निवडू द्यायचं. पण निवडायला तुला कळलं तर पाहिजे. दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट बघ. शेवटच्या हप्त्याची तारीख सरकली का, तेवढंच.

याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त आवडते. वर्षभर हप्ते भरून झाल्यावर एक लाख जादा भरलेस, तर शेवटचे जवळजवळ १४ हप्ते गळून पडतात, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास. फ्लोटिंग गृहकर्जावर अशा जादा भरण्याचा दंड बँक घेऊ शकत नाही. अर्जावर मात्र 'मुदत कमी करा' असं लिही, नाहीतर हप्ता कमी करून मोकळे होतात. बोनस आला की आधी हे, काश्मीर नंतर. (तुझे बाबा हे वाचून हसतायत.)

मार्जिन म्हणजे तुझ्या पदरचे. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणून पन्नास लाखांच्या फ्लॅटला चाळीस. उरलेले दहा जमले म्हणून तू निर्धास्त झालीस. पण स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. पुण्यात सात टक्के, एकट्या बाईच्या नावावर एक टक्का सूट, म्हणजे तीन लाख; नोंदणीचे ३० हजार; आणि बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी. दादाचं नाव खरेदीत घालायचं म्हणत होतीस ना? मग ती सूट जाते.

कर्जासोबत विमा चिकटवतील, विम्याचा हप्ता कर्जातच मिळवून. तो सक्तीचा नाही. घ्यायचाच तर बाहेरून साधा टर्म विमा घे.

आणि गहाण. आजोबांच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. कर्ज त्यांनी फेडलं, पावती देव्हाऱ्याच्या फळीखाली जपून ठेवली, पण बोजा कमी करून घ्यायला तलाठ्याकडे कुणी गेलंच नाही. वाटणीच्या वेळी तो निघाला तेव्हा आजोबा नव्हते आणि ती पावती वाळवीने खाल्ली होती. तुझ्या कर्जात मूळ करारनामा बँकेकडे ठेवायचा, तेच गहाण. देताना प्रत्येक कागदाची यादी करून त्यावर शिक्का घे. फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असा आता नियम आहे, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. गहाणाची सरकारी नोंदही उतरवून घ्यायची.

शनिवारी येशील तेव्हा मंजुरीपत्राची सगळी पानं आण. तू एक, दोन आणि चार पाठवलीस. तिसऱ्यावर चार्जेस असणार.

तुझी,
आई