जुन्या ट्रकांनाही ‘व्हिंटेज’मध्ये जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या गावाबाहेर जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) आवारात सात जुने ट्रक जमले होते. कापूस अजून यायचा होता, आवार मोकळं होतं, मालकांनी आनंदानं दिलं. हिंगणघाट, वणी, वरोरा, आर्वी अशा चहूकडून मंडळी आली. गॅरेजवाले, शेतकरी, दोन म्हातारे ड्रायव्हर. बोलावणं सगळं फोनवरच झालं होतं, तरी दुपारपर्यंत आजूबाजूच्या खेड्यांतली बायामाणसं लेकरं घेऊन बघायला आली.

या सातपैकी चार ट्रक मात्र ट्रेलरवर चढवून आणावे लागले. चारही चालू स्थितीतले आहेत, ब्रेक-स्टिअरिंग चोख आहे. पण मुदतीतले कागद नाहीत, त्यामुळे रस्त्यावर काढता येत नाहीत. हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ असा वेगळा वर्ग केला. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, डिझेल-पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. नियम चांगलाच आहे. पण तो खासगी वापरातल्या दुचाकी आणि चारचाकीपुरता आहे. ट्रकला चाकं सहा, आणि त्याचा सगळा जन्म भाड्यानं माल वाहण्यात गेलेला. मी स्वतः कागद घेऊन एका कार्यालयात गेलो, तर खिडकीवरच्या साहेबांनी दोन मिनिटांत फाइल परत दिली. त्यांचीही चूक नाही, नियमात ट्रक बसतच नाही. फिटनेसचा (गाडी रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा) दाखला काढा म्हटलं तर तिथे आजच्या माल वाहणाऱ्या गाडीचे निकष लागतात. मग उरतं भंगार.

आमच्या घरचा ट्रक बाबांनी १९६६ साली घेतला. टाटा मर्सिडीज-बेंझ, बॉनेटवर तीन टोकांचा तारा. टेल्को (टाटांची ट्रक बनवणारी कंपनी) आणि जर्मनीच्या डायम्लर-बेंझचा १५ वर्षांचा करार १९५४ साली झाला, तो १९६९ मध्ये संपला आणि तारा जाऊन गोलात ‘टी’ आलं. जुने ड्रायव्हर अजूनही गाडीचा काळ त्याच खुणेवरून सांगतात. त्या वेळी कंपनी नुसतं चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसह सांगाडा, द्यायची. बाबा ते जमशेदपूरहून रायपूरमार्गे चालवत आले. ना केबिन, ना काच. खोक्यावर बसून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. केबिन आणि मालाचा हौदा आमच्याच तालुक्यातल्या सुतारानं सागवानात बांधला, पट्ट्या-बिजागऱ्या लोहारानं ठोकल्या, हौद्याच्या फाळक्यावरचा मोर गावच्या पेंटरनं काढला. तिथून पुढे दर हंगामात उलंगवाडीपर्यंत (कापसाची शेवटची वेचणी होईपर्यंत) ती गाडी दारात उभी राहिली नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की जुनी मोटार कारखान्यातून जशी आली तशी जपायची असते, पण विदर्भातला जुना ट्रक अर्धा कारखान्याचा आणि अर्धा इथल्या माणसांच्या हातचा आहे. व्हिंटेजच्या नियमात गाडी ‘मूळ स्वरूपात’ हवी असं आहे. ट्रकचं मूळ स्वरूप कोणतं धरायचं? त्या दिवशी यावर तासभर वाद झाला. वणीच्या एका गृहस्थांनी त्यांच्या फार्गोला (डॉजचंच भावंड ते, मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात बनायचं) नवं इंजिन बसवलं आहे. काहींच्या मते ती गाडी आता जुनी राहिलीच नाही. मलाही तसंच वाटतं, पण सागवानी केबिनला कुणी ‘फेरफार’ म्हटलं तर मी ते मानणार नाही. केबिन कधी बांधली, कुणी बांधली, हे सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांना विचारून आताच लिहून ठेवायला हवं.

एक ट्रक सुरूच होईना. जबलपूरचा शक्तिमान, लष्कराच्या लिलावातला, जर्मन ‘मॅन’ कंपनीच्या परवान्यावर बनलेला. ऐंशीच्या घरातले एक मिस्त्री खुर्चीवरून उठले. डिझेल पंपावरचा बोल्ट अर्धा आटा सैल केला आणि हातपंप तळव्यानं दाबत राहिले. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग सरळ डिझेलची धार. शेजारच्या पोराला म्हणाले, ‘आता आवळ.’ सेल्फ मारला, धूर सोडत इंजिन लागलं. तो पोरगा आयटीआयला शिकतो. लाइनीतली हवा अशी काढताना त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

नागपुरात मोतीबागेला नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय २००२ पासून आहे. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या बंद पडलेल्या नॅरोगेज शकुंतला एक्स्प्रेसचं नाव काढलं की अजूनही लोक हळहळतात. आमच्या कापसाच्या गाठी, वरूडची संत्री, आलापल्लीचं सागवान ज्या ट्रकांनी वाहिलं, त्यांच्यासाठी निदान नोंदणीचा एक रकाना तरी असावा. २० हजार भरायची आमची तयारी आहे. माल वाहणार नाही, असं लिहूनही देऊ.

आपल्या दैनिकानं हा विषय लोकप्रतिनिधींपुढे मांडावा, ही विनंती. पुढची भेट संक्रांतीनंतर ठरली आहे. जिनिंग तेव्हा जोरात असेल, म्हणून बाजाराच्या मैदानात जमू. आपला प्रतिनिधी अवश्य पाठवा, सागवानी केबिनवालेही दोन ट्रक तिथे असतील. ट्रेलरवर आणावे लागले तरी आणू.

आपला,
एक वाचक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा