चादर पिळू नकोस, आई

प्रिय आई आणि बाबा,

हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत छापून पाठवते आहे, म्हणजे बाबांना डोळ्यांना ताण न देता वाचता येईल. फोनवर बिघडलेल्या वॉशिंग मशीनचा विषय काढला की बाबा "हो हो, बघतो" म्हणतात आणि आई, तू लगेच माझ्या जेवणाखाण्याच्या चौकशीवर येतेस. कागदावर लिहिलं म्हणजे मध्येच कुणी विषय बदलणार नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर तू फोन खिडकीत टेकवून ठेवलास आणि बोलता बोलता मागे वळून चादर पिळायला लागलीस. मला दिसत नाही असं तुला वाटलं असेल. सगळं दिसत होतं. एकेक पीळ देऊन झाला की तू उजवा हात मनगटातून दोनदा झटकत होतीस. त्या हाताचं प्लास्टर काढून अजून वर्षसुद्धा झालेलं नाही, आई. रात्री कितीतरी वेळ तो झटकलेला हातच डोळ्यांसमोर येत होता.

म्हणून दोन गोष्टी मी ठरवून टाकल्या आहेत. शनिवारी सकाळी अकरा वाजता मशीन दुरुस्त करणारा माणूस घरी येईल. पैशांचं मी त्याच्याशी बोलून घेतलं आहे, तुम्ही त्यात पडू नका. दुसरी गोष्ट सांगायला जड जातंय. या सुट्टीत मी येत नाहीये. हातात नऊच रजा उरल्या आहेत आणि त्या सगळ्या मला बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवायच्या आहेत. आता दोन दिवसांसाठी धावत येऊन गेले तर तेव्हा पाचव्या दिवशी निघावं लागेल, आणि डोळ्यात थेंब घालायचं काम पुन्हा आईवर पडेल. ऑपरेशननंतर काही दिवस बाबांना वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. ओल्या कपड्यांची बादली कोण उचलणार मग? त्याआधी मशीन ठणठणीत व्हायलाच हवं. मी खूप विचार करून हे ठरवलंय. रागावू नका, आणि "तिला वेळच नाही" असं आपापसात बोलू तर अजिबात नका. मला ते इथे बसून ऐकू येतं.

आता मशीनचं. बाबा, शनिवारपर्यंत तुम्ही गप्प बसणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. जिन्यातल्या दिव्याच्या वेळी काय झालं ते आठवतं ना? तेव्हा काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते मीच लिहून देते.

आई म्हणाली की कपडे धुतले जातात, ड्रम फिरतो, फक्त शेवटी पिळले जात नाहीत आणि ड्रमच्या तळाशी पाणी राहिलेलं दिसतं. ही शेवटची गोष्ट फार कामाची आहे. ड्रममधलं पाणी पूर्ण गेलं आहे अशी खात्री झाल्याशिवाय मशीन वेग घेतच नाही. आत एक सेन्सर असतो, तो पाण्याची पातळी बघतो. म्हणजे दोष बहुतेक पिळण्यात नसून पाणी बाहेर जाण्यात आहे.

सगळ्यात आधी मागची पाण्याची नळी बघा. गेल्या महिन्यात झाडायला म्हणून मशीन पुढे ओढून परत ढकललं होतं ना? तेव्हा नळी भिंतीत दाबली गेली असेल किंवा तिला घडी पडली असेल. पण मशीन तुम्ही ओढायचं नाही, बाजूने टॉर्च मारून फक्त बघायचं. घडी दिसली तर मला फोटो पाठवा.

नळी ठीक असेल तर संशय फिल्टरवर. मशीनच्या समोर, अगदी खाली, कोपऱ्यात जे छोटं झाकण आहे त्याच्या आत गोल फिरवायची टोपी असते, तोच फिल्टर. आपण मशीन घेतल्यापासून तो कुणी उघडल्याचं मला आठवत नाही. नाणी, बटणं, आईच्या केसातल्या पिना, बाबांच्या खिशात राहिलेल्या कागदांचा लगदा, सगळं तिथे जाऊन बसतं आणि मागचा पंप पाणी ओढू शकत नाही. हे काम शनिवारी येणारा माणूस पाच मिनिटांत करेल. तरी तुम्हाला राहवलंच नाही तर नीट ऐका. प्लग आधी काढायचा. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. गरम पाण्यात कपडे धुतले असतील तर पाणी पूर्ण निवेपर्यंत थांबायचं. वाकून बसायचं नाही, बुटकं स्टूल घ्यायचं. खाली पसरट भांडं आणि जुने टॉवेल ठेवायचे. टोपीच्या बाजूला बारकी रबरी नळी असेल तर तिचं बूच काढून आधी त्यातून पाणी जाऊ द्यायचं, भांडं भरलं की बूच लावून भांडं रिकामं करायचं. पाणी यायचं थांबलं की मगच टोपी हळूहळू डावीकडे फिरवायची. एकदम उघडलीत तर उरलेलं पाणी फरशीवर येईल, आणि ओल्या फरशीची मला मशीनपेक्षा जास्त भीती वाटते. आई घरात असतानाच करायचं, ती दुपारी झोपलेली असताना नाही. टोपी परत लावताना घट्ट बसली आहे ना ते बघायचं, नाहीतर पुढच्या धुण्याला तिथूनच पाणी येईल.

आई, तुझ्यासाठी वेगळं. एकटी चादर किंवा एकटं जाड पायपुसणं मशीनमध्ये टाकत जाऊ नकोस. ओलं झालं की त्याचा एका बाजूला गोळा होतो. कपडे धुताना ड्रम मिनिटाला पन्नासेक फेरेच घेतो, तेव्हा ते चालून जातं. पिळताना आपल्यासारख्या मशीनमध्ये हजाराच्या वर फेरे होतात. इतक्या वेगात वजन एका बाजूला राहिलं तर मशीन जागचं हलेल. म्हणून ते आधी कपडे सारखे करायला दोन-चार वेळा सावकाश फिरून बघतं, जमलं नाही तर नाद सोडतं आणि कपडे ओलेच ठेवतं. त्यात बिघाड काही नसतो. चादरीबरोबर दोन-तीन टॉवेल टाकले की वजन वाटलं जातं. ठासून मात्र भरायचं नाही, वर हात जाईल एवढी जागा राहू दे. आणि पावडर कमी कर. फेस जास्त झाला की पंपाला पाणी नीट ओढता येत नाही. तुला फेस दिसल्याशिवाय कपडे स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही, लहानपणापासून बघते आहे मी. पण या मशीनला थोडीच पावडर पुरते.

मशीन रिकामं ठेवून नुसता पाणी काढण्याचा आणि पिळण्याचा प्रोग्राम एकदा लावून बघा. रिकामा ड्रम जोरात फिरला तर मशीन बरं आहे, कपड्यांचं वजन चुकत होतं. पाणी गेलं आणि तरीही ड्रमने वेग घेतला नाही, तर मोटरला आत वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजले असतील किंवा ड्रम फिरवणारा पट्टा सैल होऊन घसरत असेल. ते शनिवारी बघितलं जाईल. बाबा, मागचं कव्हर उघडायचं नाही म्हणजे नाही. जळका वास आला तर प्लग काढून तसंच सोडून द्या. आणि मशीन थांबल्यावर दार एक-दोन मिनिटं उघडत नाही, ते तसंच बनवलेलं आहे. ओढाताण करू नका, लॉक तुटेल.

चिडून लिहिलंय असं वाटलं तर तसं नाही. लांब असलं की बारीकसारीक गोष्टी मोठ्या होतात.

शनिवारपर्यंत मोठं काही धुवायला काढू नका. रोजचे लहान कपडे धुतलेस तर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळ आणि तळहाताने वरून दाब. पाणी टॉवेल ओढून घेतो, मनगटाला पीळ बसत नाही. बादली अर्धीच भरायची. चादरी, अभ्रे सगळं साठवून ठेवा. अंथरूण चार दिवस जास्त वापरलं तर काही बिघडत नाही, आई, कुणी बघायला येत नाही.

मला आपल्या गॅलरीतली दुपार आठवते. चादरीचं एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तू म्हणायचीस, "तू नुसतं घट्ट धर, पिळायचं मी बघते." तुझ्याकडून पीळ चढत चढत माझ्या हातापर्यंत यायचा, पाणी माझ्या पायांवर पडायचं आणि माझ्या मुठी सुटायच्या. तू एकदाही रागावली नाहीस. चादर खाली पडली की परत खळबळून आणायचीस, आणि माझ्या हातात तेच टोक द्यायचीस.

शनिवारी तो माणूस गेला की आधी मला फोन करा. फिल्टरमधून काय काय निघालं ते बाबांनी सांगायचं.

तुमची,
चिमी