फिरायला यायचं का टाळत होतो

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘फिरायला ये म्हटलं की नेमकं तेव्हाच तुला काम कसं निघतं?’ हे तू लिहिलंस ते माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं आहे. काम कधीच नव्हतं रे. माझा उजवा खुबा झिजलाय आणि वर्षभर मी ते तुझ्यापासून लपवलं.

सुरुवात गुडघ्यापासून झाली, निदान मला तसं वाटलं. गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या आतल्या बाजूला ठसठसायचं. आठ-नऊ महिने गुडघ्यालाच मलम चोळलं, व्यायामही गुडघ्याचेच केले. शेवटी एका डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं, गुडघा दुमडून वर घेतला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. जांघेत अशी कळ आली की मी त्यांचा हातच धरला. पाऊल तसं बाहेर नेलं की मांडीचं हाड खुब्यात आत वळतं, आणि खुब्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, झाला की बहुतेकदा हे आत वळणंच आधी जातं. एकाच नसेच्या फांद्या खुब्यालाही जातात आणि गुडघ्यालाही, म्हणून दुखणं खुब्याचं असूनही मी गुडघा धरून बसलो होतो. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ते उखळ यांच्यातली फट जवळजवळ मिटलेली दिसली. मधली गुळगुळीत गादी झिजली होती.

आता रोजचं सांगतो. सगळ्यात अवघड काम कोणतं असेल? मोजा घालणं! त्यासाठी खुबा नव्वद अंशांच्या बराच पुढे दुमडावा लागतो, शिवाय मांडी बाहेर वळावी लागते. माझा नव्वदपाशीच अडतो. उजव्या पायाची नखं आता बायको कापते. पहिल्या वेळी मी भिंतीकडे बघत बसलो होतो, तिने काही न बोलता कापली. खोल सोफ्यावर बसलो की उठता येत नाही, म्हणून आधी कडेला सरकतो, उजवा पाय थोडा पुढे ठेवतो, मग हातांवर भार देऊन उठतो. तासभर बसल्यावर पहिली चार-पाच पावलं तर पाय माझा नसल्यासारखी पडतात. नंतर तो सुटतो. सकाळचा ताठरपणाही अर्ध्या तासात जातो.

चालण्यातली गोष्ट मला कळायला वेळ लागला. आपण पाऊल पुढे टाकतो तेव्हा दुसरा पाय मागे रेलतो, खुब्यातून साधारण दहा अंश तरी. माझा मागे जातच नाही. मग कंबर वाकून ती कसर भरून काढते, पाऊल आखूड पडतं आणि संध्याकाळी पाठ दुखते. शिवाय एका पायावर उभं राहताना ओटीपोटाचा सांगाडा समतोल ठेवतात ते कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू, आणि ते माझे दुबळे झालेत. म्हणून उजव्या पायावर भार आला की धड उजवीकडे झुकतं. तू मागे म्हणाला होतास, ‘डुलत का चालतोस?’ ते हेच.

काठी घेतली तेव्हा मी ती उजव्या हातातच धरली, दुखरी बाजू तीच म्हणून. फिजिओथेरपिस्टने ती काढून डाव्या हातात दिली. कुल्ह्याच्या बाजूचे ते स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतात, त्यामुळे त्यांना शरीराच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो आणि तो सगळा जोर सांध्यावरच येतो. विरुद्ध हातातली काठी लांबून आधार देते, म्हणून थोडक्या दाबानेही ओझं खूप उतरतं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी सरळ चाललो. जिना चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा. रोज कुशीवर पडून पाय उचलायचे व्यायाम करतो. आराम केला की पाय आणखी आखडतो, हे मी स्वतः अनुभवलंय. सांधा बदलायचं डॉक्टरांनी बोलून ठेवलंय, पण आत्ता नाही.

तुझाही डावा गुडघा कुरकुरतो असं लिहिलंस, त्याने मला काळजी लागली. पायावर पाय टाकताना, गाडीतून उतरताना जांघेत टोचतं का बघ, आणि टोचत असेल तर खुबाही तपासून घे. माझ्यासारखे महिने घालवू नकोस.

रविवारी मी येतोय. अर्धा तास चालेन, मध्ये दोनदा बसेन. काठी डाव्या हातात असेल, तेव्हा तू माझ्या उजव्या बाजूने चाल.

तुझा,
जुना सोबती