तापमानाच्या चौकटीत यूव्ही निर्देशांकही छापावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात आपल्या दैनिकात रोज कमाल-किमान तापमानाची चौकट येते आणि भर दुपारी घराबाहेर पडणे टाळावे, असा इशाराही आवर्जून छापला जातो. त्याच चौकटीत त्या दिवसाचा अतिनील किरणांचा निर्देशांक, म्हणजे यूव्ही इंडेक्स, द्यावा ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. उष्णतेने शरीराला होणारा त्रास आणि अतिनील किरणांनी त्वचेला होणारी इजा या गोष्टी वेगळ्या असून त्यांच्या वेळाही जुळत नाहीत, हे आपल्याकडे फारसे ध्यानात घेतले जात नाही.

हवा सर्वाधिक तापते ती दुपारी तीनच्या आसपास. अतिनील किरणांचा मारा मात्र सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे नाशिक-पुण्याकडे साधारण साडेबाराच्या सुमारास, सर्वांत तीव्र असतो आणि सकाळी दहापासूनच तो वाढू लागतो. त्यामुळे सकाळच्या शाळेतून अकरा-साडेअकराला सुटून घरी चालत जाणारी मुले किंवा कांदा काढणीसाठी आठला शेतात जाऊन एकच्या सुमारास परतणाऱ्या बायका ऊन तापायच्या आत काम आटोपले असे समजतात, तेव्हा त्वचेला सर्वाधिक घातक असलेले तास त्यांनी उघड्यावरच काढलेले असतात. थंड हवेच्या ठिकाणी तर ही फसगत अधिकच होते. समुद्रसपाटीपासूनची उंची 1,000 मीटरने वाढली की अतिनील किरणांची तीव्रता सुमारे 10 टक्क्यांनी वाढते. महाबळेश्वर 1,300 मीटरहून अधिक उंचीवर आहे, पण तिथल्या गार वाऱ्यात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर दिवसभर वाकून काम करणाऱ्यांना त्वचा भाजत असल्याची जाणीवही होत नाही. विरळ ढगांमधूनही हे किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात.

आपली कातडी मुळातच सावळी, तिला उन्हाचे काय, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे आपल्याला काही संरक्षण मिळते आणि त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे बराच कमी आढळतो. तरीही गालांवरचा वांग उन्हाने बळावतो, त्वचा अकाली सुरकुतते, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने मोतीबिंदूचा धोकाही वाढतो.

या वांगावर लोक जो उपाय करतात, तो मला सर्वांत चिंताजनक वाटतो. औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडमिश्रित मलम आणले जाते, चार दिवसांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो, आणि मग ते महिनोन्महिने लावले जाते. त्याने त्वचा पातळ होते, लाल पडते आणि ऊन अजिबात सोसेनाशी होते. मलम थांबवले की त्रास उसळतो, म्हणून ते पुन्हा सुरू होते. केंद्र सरकारने 2018 साली अशा अनेक स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, पण गावोगावच्या दुकानांत तिची अंमलबजावणी व्हायला हवी तशी होत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. एसपीएफ 30 किंवा अधिक क्षमतेचे सनस्क्रीन भरपूर लावून दर दोन तासांनी पुन्हा लावणे उत्तम, मात्र रोजंदारीवरच्या माणसाला ते परवडणारे नाही, आणि म्हणून कपड्यांवर आणि वेळेवर भर द्यायला हवा. शेतात साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पदर कपाळापर्यंत ओढून घेणाऱ्या बायका या बाबतीत शहाण्या आहेत. पुरुषांच्या टोपीने मात्र डोके तेवढे झाकते, कान आणि मान उघडीच राहतात; त्यासाठी वरून गमछा किंवा उपरणे हवे. वेळ ओळखायला घड्याळही लागत नाही, कारण स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडू लागली की अंग झाकण्याची वेळ झाली असे समजावे.

केरळच्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2025 च्या उन्हाळ्यात ठिकाणांनुसार यूव्ही निर्देशांक जाहीर करून इशारे दिले, आणि त्या इशाऱ्यांत मुन्नारसारख्या थंड ठिकाणाचाही समावेश होता. महाराष्ट्र शासनाने असे करावेच; तोपर्यंत वृत्तपत्रांनी आपल्या परीने सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीनुसार निर्देशांक 3 झाला की त्वचा जपावी, 8 च्या पुढे तो अति तीव्र आणि 11 च्या पुढे पराकोटीचा मानला जातो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे निरभ्र दुपारी तो 11 ओलांडणे नवलाचे नाही. जागेची अडचण असल्यास दुपारचा आकडा आणि त्याची श्रेणी एवढेच छापले तरी चालेल.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक